पहिली रायफल: खांद्याला झेपेल तीच घ्या

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय जरा वेगळा आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतात शिकार हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि चितळ, सांबर वगैरे सगळे त्यात येतात. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनबद्दल. मी इथे राहतो, आणि इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस हरणाचा बंदुकीचा सीझन असतो. लायसन्स काढून, नियम पाळून लोक जातात आणि त्या मांसावर घर वर्षभर जेवतं.

तर झालं असं की माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती दोन वर्षांपूर्वी इकडे आली. म्हणाली, "दादा, यंदा मलाही यायचंय. रायफल कुठली घेऊ? दुकानदार म्हणतो मोठीच घ्या, एकदाच काय तो खर्च."

हे वाक्य मी ओळखतो. सहा वर्षांपूर्वी मला कोणीतरी हेच सांगितलं होतं.

तेव्हा मी .३०० विंचेस्टर मॅग्नम घेतली होती, तीही हलकी, डोंगरात वाहून न्यायला बनवलेली. काउंटरवर उचलली तेव्हा काय भारी वाटली होती! रेंजवर पहिली गोळी झाडली आणि खांद्यात कोणीतरी मुसळ घातल्यासारखं झालं. तिसऱ्या गोळीला मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होतो, पण ते मला कळत नव्हतं. आणि लाजेपायी कोणाला सांगितलंही नाही.

सीझनच्या पहिल्या सकाळी साधारण सत्तर यार्डांवर मादी उभी होती, अगदी आडवी, निवांत. यापेक्षा सोपा शॉट नसतो. मी चाप ओढला. ती कोसळली नाही, मागचा पाय ओढत झाडीत गेली. आम्ही अंधार पडेपर्यंत बर्फात रक्ताचे थेंब शोधत चाललो. दलदलीपाशी थेंब संपले. ती सापडली नाही.

माझ्यासोबत शेजारचे शेतकरी आजोबा होते, सत्तरीतले. ते मला काहीच बोलले नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आजोबा मला रेंजवर घेऊन गेले. म्हणाले, रायफल मी भरून देतो, तू फक्त झाड. कधी खरं काडतूस, कधी नकली, मला न सांगता. चौथ्या वेळी नकली होतं. चाप ओढला, नुसता 'टक्' आवाज झाला आणि नळी चक्क दोन इंच खाली गेली. धक्का बसलाच नव्हता, तरी माझं अंग त्याला घाबरून आधीच दचकलं होतं. याला इकडे फ्लिंच म्हणतात. त्या हरणाचा पाय का मोडला, त्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

म्हणून बहिणीला म्हटलं, आधी धक्का म्हणजे रिकॉइल समजून घे, मग दुकानात जाऊ.

रिकॉइल तीन गोष्टींवर ठरतो: गोळी किती जड, किती वेगाने जाते आणि तिच्यामागे किती दारू जळते. चौथी गोष्ट म्हणजे रायफलचं स्वतःचं वजन. आकडे सांगतो, हे साडेसात ते साडेआठ पाउंडांच्या रायफलचे, साधारण अंदाजाचे. .२४३ विंचेस्टरचा धक्का ९ फूट-पाउंडांच्या आसपास. ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ रेमिंग्टन साधारण १२-१३. .३०८ चा १६ ते १८. .३०-०६ चा २०. आणि माझी ती .३०० मॅग्नम २६, हलकी असल्यामुळे खरं तर त्याहूनही जास्त.

इथे नवखे लोक फसतात. वाटतं, हलकी रायफल म्हणजे सोपी. वाहायला सोपी, हो. पण काडतूस तेच ठेवून रायफल ८ पाउंडांवरून ६ वर आणली, तर धक्क्याची ऊर्जा जवळजवळ एक-तृतीयांशने वाढते. बारीक अंगाच्या माणसाला "तुला हलकी बरी" म्हणून नेमकी तीच विकली जाते.

मग सगळ्यात छोटं काडतूसच का नको? .२२३ ला धक्का जवळजवळ नसतोच. पण काही राज्यांत ते हरणासाठी चालतच नाही, आणि जिथे चालतं तिथेही चुकीला फार कमी जागा असते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

माझ्या मते नवख्यासाठी तीन नावं. .२४३ हे १९५५ पासूनचं, .३०८ चंच तोंड बारीक करून बनवलेलं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेसं आहे, पण अट एक: ९० ते १०० ग्रेनची, हरणासाठी बनवलेली गोळी घ्या. याच काडतुसात ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात, त्या छोट्या प्राण्यांसाठी असतात, आत जायच्या आधीच फुटतात. दुसरं ६.५ क्रीडमूर, थोडा जास्त धक्का, गोळी जास्त जड, काडतुसं सहज मिळतात. तिसरं ७ एमएम-०८, १९८० चं, माझं आवडतं, पण छोट्या गावातल्या दुकानात काडतुसं कधी नसतात. तुम्ही मिशिगनच्या दक्षिण भागात किंवा ओहायोत असाल तर तिथले नियम वेगळे आहेत, सरळ भिंतीचं काडतूस लागतं. तिथे .३५० लेजंड बघा, तोही मवाळ आहे.

रायफल साधी बोल्ट-ॲक्शन घ्या. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस, बजेट असेल तर टिका टी३एक्स. तिन्हींत ही काडतुसं मिळतात.

आता माप. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा, बोट चापापर्यंत आरामात पोचलं पाहिजे. दस्ता लांब असेल तर खांद्यावर नीट बसत नाही आणि कमी धक्कासुद्धा जास्त लागतो. छोट्या मापाचे दस्ते मिळतात, लाजू नका. मागे चांगलं रबरी पॅड हवं. आणि स्कोपपासून डोळा तीन-साडेतीन इंच लांब हवा, नाहीतर भुवईवर कोयरी उमटते. माझ्या भुवईवर आहे.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावला की धक्का कमी होतो, पण आवाज भयंकर वाढतो, शेजारी बसलेल्याच्या कानाची वाट. नवख्याची अर्धी भीती आवाजाचीच असते. म्हणून रेंजवर कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला. सुरुवात .२२ रिमफायरने करा, शंभर-दोनशे गोळ्या. मोठ्या रायफलच्या एका दिवसात पंधरा-वीसच. खांदा दुखायच्या आधी थांबा.

कायद्याचंही सांगतो, कारण याचे मेसेज येतात. एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. म्हणजे आधी लायसन्स, आणि रायफलला हात लावायच्या आधी वकिलाला विचारणं. विस्कॉन्सिनात १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, मेंटॉरसोबत जायची सवलत सोडली तर. सवलत असली तरी कोर्स कराच. प्रत्येक बंदूक भरलेली समजा, नळी सुरक्षित दिशेला, नेमाच्या मागे काय आहे ते बघा, झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर. हे चार नियम तिथे अंगात मुरतात.

बहिणीचं काय झालं? मी तिला ७ एमएम-०८ कडे ढकलत होतो. आजोबांनी त्यांच्या घरातली तिन्ही काडतुसांची रायफल आणून दिली. तिने प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या. ७ एमएम-०८ ला तिचे नेम पसरले. .२४३ ला शंभर यार्डांवर पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत. मग आजोबांनी गुपचूप नकली काडतूस घातलं. टक्. नळी जागच्या जागी.

ती वळून म्हणाली, "दादा, हीच."

मी म्हटलं, अगं, पण ७ एमएम-०८ ला थोडी जास्त ताकद... आजोबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी गप्प बसलो.

आता ती दर रविवारी बसून, काठीचा आधार घेऊन सराव करते, कारण जंगलात रेंजसारखं टेबल नसतं. आमचं ठरलंय: शंभर यार्डांपलीकडे झाडायचं नाही, हरीण आडवं उभं नसेल तर झाडायचं नाही, आणि जरा जरी शंका आली तर रिकाम्या हाताने घरी यायचं. रिकाम्या हाताने आलो तर मटण मी आणतो, रस्सा करतो.

माझी ती मॅग्नम मी विकली. विकत घ्यायला आलेला मुलगा विशीतला होता, पहिलीच रायफल. मी त्याला चार काडतुसं दिली, एक नकली, आणि म्हटलं, आधी रेंजवर चल. तो हसला. पण आला. आणि शेवटी त्यानेही ती घेतली नाही. मग एल्क मारायला जाणाऱ्या एका जुन्या शिकाऱ्याने नेली.

तुमचा खांदा काय म्हणतो ते कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.