चूल आणि मतपेटी



मतदार आपले मत कशावरून ठरवितो या प्रश्नाला जात, पक्ष, पुढाऱ्याचे तेज अशी नाना उत्तरे दिली जातात, आणि ती सर्व आपापल्या परीने खरीही आहेत. आज मला या साऱ्यांच्या मागे धुमसणाऱ्या चुलीविषयी बोलावयाचे आहे. घरात ओढगस्त असली म्हणजे माणूस उमेदवाराकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, एवढाच माझा विषय. तो मी कांद्याच्या आधाराने मांडणार आहे. कारण माझी सारी मास्तरकी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गेली, आणि कांद्याला यंदा भाव आला की नाही, हे आम्हा शिक्षकांना मुलांच्या पायांतील चपलांवरून कळत असे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, पूर्वी ओढगस्तीला मतच नव्हते. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मताचा अधिकार शेतसारा, कर, शिक्षण अशा पात्रतेवर अवलंबून असे, आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे ३ कोटी. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ही संख्या १७ कोटींच्या वर गेली. ज्याच्या दारी कोणी फिरकत नसे, त्याचे मन जाणून घेण्याची उमेदवारांना तेव्हापासून गरज पडू लागली.

कांद्याने सरकारे हलविली, असे आपण कौतुकाने म्हणतो. १९८० च्या जानेवारीतील लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याची महागाई हा प्रचाराचा विषय केला, आणि त्यांचा पक्ष मोठ्या बहुमताने परत आला. पुढे १९९८ साली दिल्लीत कांदा किलोला चाळीस-पन्नास रुपयांवर गेला. ऐन निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री बदलून सुषमा स्वराज यांना आणले गेले. तथापि १९९३ साली ७० पैकी ४९ जागा जिंकणारा भारतीय जनता पक्ष नोव्हेंबरात १५ जागांवर आला आणि शीला दीक्षित मुख्यमंत्री झाल्या. वास्तविक त्या वर्षी पीक पावसाने गेले होते. पण मंडईत पिशवी घेऊन उभी असलेली गृहिणी पावसाला जाब कसा विचारणार? जाब विचारता येतो तो सरकारला.

येथवरची कथा शहरातील श्रोत्यांच्या परिचयाची आहे. परंतु तिला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. दिल्लीच्या या अनुभवाने राज्यकर्ते एक धडा शिकले. तो असा की, निवडणूक जवळ आली म्हणजे शहरातला कांदा महागता कामा नये. २०२३ च्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली. शहरातील घराघरांत आमटीची फोडणी निर्वेध चालू राहिली. पण चांदवड-येवल्याच्या शेतकऱ्याच्या घरात सोसायटीचे कर्ज थकले, मुलीचे लग्न पुढे गेले. निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही शुल्क आणि किमान निर्यातमूल्य कायम ठेवून. २० मे रोजी दिंडोरी मतदारसंघात मतदान झाले, आणि केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे या शिक्षकाने एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. शेजारच्या नाशिक, धुळे आणि अहमदनगर या मतदारसंघांतही सत्तारूढ आघाडीचे उमेदवार पडले. कारण केवळ कांदाच होता असे कोणी म्हणू नये; इतरही वारे वाहत होते. (एक शिक्षक निवडून आल्याचा आनंद आम्हा मास्तर मंडळींना झाला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल, पण तो विषय निराळा.)

आता खरी गंमत पाहा. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. अवघ्या सहा महिन्यांत या सहाही ठिकाणी सत्तारूढ आघाडी विजयी झाली. मतदार तेच, शेते तीच. मग काय बदलले? एक तर निर्यातीवरील बंधने सप्टेंबरात सैल झाली होती आणि कांद्याला बरा भाव होता. दुसरे, जूनच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये स्त्रियांच्या खात्यांवर निवडणुकीपूर्वीच जमा झाले होते.

यावर शहरातील सुशिक्षित घरांत एक वाक्य मी वारंवार ऐकले, की लोकांनी दीड हजारांत मत विकले. हे मला मान्य नाही. मत विकावयाचेच असते, तर ते जास्त बोली बोलणाऱ्याला विकले गेले असते. सत्ताधारी २१०० देऊ म्हणत होते आणि विरोधक ३०००. तरीही स्त्रिया ज्यांच्याकडे वळल्या, ते प्रत्यक्ष पैसे पोचविणारे होते. ओढगस्तीत दिवस काढणाऱ्याला आश्वासनाची किंमत कापून धरावी लागते. उद्याच्या तीन हजारांपेक्षा आजचे दीड हजार त्याला मोठे वाटतात, कारण वाण्याची उधारी आजची असते. यात मला व्यवहार दिसतो, लाचारी दिसत नाही.

आणि पोटाकडे पाहून मत देणे हा काय केवळ गरिबांचा प्रघात आहे? २०२२ साली हिमाचल प्रदेशात जुनी निवृत्तिवेतन योजना परत आणण्याचे आश्वासन काँग्रेसने दिले आणि ६८ पैकी ४० जागा जिंकल्या. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्याकडील सरकारी कर्मचाऱ्यांनी त्याच मागणीसाठी संप केला. त्या संपात माझे कित्येक तरुण सहकारी होते, आणि त्यांच्यावर मते विकल्याचा आरोप मी तरी कोठे ऐकला नाही. पगारदार माणूस स्वतःच्या हिताला ‘धोरण’ म्हणतो. मजुराच्या हिताला मात्र ‘आमिष’ असे नाव मिळते.

अमेरिकेतील किंडर आणि कीविट या दोन अभ्यासकांनी १९७९ आणि १९८१ साली असे दाखविले की, तेथील मतदार स्वतःच्या खिशापेक्षा साऱ्या देशाची आर्थिक स्थिती पाहून मत देण्याकडे अधिक झुकतो. नोकरी गेलेला मनुष्य पुष्कळदा आपल्या दैवाला अथवा मालकाला दोष देतो, सरकारला नव्हे. मला हे पटते. आमच्या गावी एकाची विहीर आटली तर तो नशिबाला बोल लावतो; पण साऱ्या गावाचा कांदा एकाच दिवशी एका हुकुमाने पडला, की चावडीवर बोलणे सुरू होते. दुःख एकट्याचे असेपर्यंत मुके असते. ते शेजाऱ्याचेही आहे आणि त्याला कर्ताकरविता आहे असे उमगले, म्हणजेच ते मतपेटीपर्यंत चालत जाते. निर्यातबंदीचा कर्ता कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होते. खत महाग का झाले, याचा कर्ता इतका स्पष्ट दिसत नाही, आणि म्हणून त्यावर निवडणुका क्वचितच फिरतात.

कांद्यावरील निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे उठले. मधल्या काळात आमच्या भागात आणखी एक बदल झाला आहे. बाजारसमितीतील कांद्याचे पैसे बहुधा घरधन्याच्या हाती येतात, आणि योजनेचे पैसे घरधनिणीच्या स्वतःच्या नावावर. माझ्या परिचयातील एका वयस्क बाईंनी मला सांगितले की, लोकसभेला त्यांनी मालकांच्या सांगण्यावरून मत दिले आणि विधानसभेला मालकांनी त्यांच्या सांगण्यावरून. अशा घरात आता मते दोन आणि हिशेबही दोन असतात; उमेदवारांना मात्र अद्याप ओसरीवर बसलेल्या घरधन्याला नमस्कार करून पुढच्या घरी जाण्याची सवय आहे.