‘चेक’चं घराणं



आजचा शब्द ‘चेक’. बँकेतला चेक, चेक्सचा शर्ट, तिकीट चेक करणारा टीसी, बुद्धिबळातला चेक. (मागून : ‘आणि चेकाळणं?’) ते अस्सल आपलं, त्याचा या घराण्याशी संबंध नाही. (हशा)

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना उठून जायचंय ते वेळेत जातील. ‘चेक’ खोडून ‘धनादेश’ लिहा, असा आग्रह धरणारे घरच्याच माणसाला हाकलून देतायत.

चतुरंग इराणात गेलं, तिथून अरबांमार्फत युरोपात, हे तुम्ही जाणताच. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. त्याच्यावर हल्ला झाला की ‘शाह!’ म्हणून बजावायचं. आपला ‘शह’ तोच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘एशेक’ झालं. त्यातून इंग्रजी ‘चेक’, आणि अनेकवचनातून ‘चेस’. शह बसला की बाकीचे बेत अडतात, म्हणून चेक म्हणजे रोखणं, पुढे तपासणं. आणि हा ‘शाह’ मुळात आपल्या ‘क्षत्र’चा भाऊबंद. म्हणजे बँकेच्या खिडकीतून तुम्ही सरकवता त्या कागदात एक क्षत्रिय बसलाय! (हशा)

पहिल्या रांगेतले सद्गृहस्थ मान हलवतायत. अहो, चेक हा बँकेला दिलेला आदेशच असतो, धनादेश शब्द चुकीचा नाही, मान्य! पण तुम्ही शह देता, मात करता, तेव्हा फारसी चालते ना? मग तिच्या लंडनच्या चुलतभावानं काय घोडं मारलंय?

आता पैसा. 12व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेजावर व्हायचा. वर रेघा आखलेलं काळं कापड. रकान्यांत सोंगट्या सरकवून पेन्स, शिलिंग, पौंड मांडायचे. एका बाजूला खजिनदार, समोर जिल्ह्याचा वसुली अधिकारी, शेरीफ. मेज दिसायला बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून खात्याचं नाव ‘एक्सचेकर’. रिचर्ड फिट्झनील स्वतः खजिनदार; त्यानं या बैठकीला दोघांमधली लढाईच म्हटलंय.

पावती लाकडी. काठीवर खाचा : हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी पैसे भरणाऱ्याला, अर्धी सरकारला. पडताळताना खाचेला खाच जुळली पाहिजे. लबाडी करणार कशी? ही पद्धत 1826 पर्यंत चालली! काठ्यांचा ढीग उरला. गरिबांना सरपण म्हणून वाटाव्यात की नाही? नाही. 16 ऑक्टोबर 1834 ला उमरावसभेखालच्या भट्ट्यांत दिवसभर कोंबल्या. धुराडी तापली, संध्याकाळी आगीचा भडका, आणि अख्खं पार्लमेंट, वेस्टमिन्स्टर हॉल वगैरे थोडं वगळता, बेचिराख! जुनी दप्तरं जाळणाऱ्या आपल्या कचेऱ्यांनी निदान... (चिठ्ठी येते) बरं, बरं. दोन मिनिटं.

स्पेलिंग राहिलं. 18व्या शतकात ‘चेक’ म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेली स्थळप्रत. पुढे कागदालाच ते नाव चिकटलं. एक्सचेकरच्या वळणावर इंग्रजांनी त्याला ‘क्यूयूई’ जोडलं, अमेरिकन मात्र ‘सीके’वरच आहेत. धनादेशवाल्यांना उत्तर द्यायला अध्यक्ष अजून पाच मिनिटं... नाही? बरं. नमस्कार. (टाळ्या)