कमानींतला उजेड

शहरांतली एखादी नामांकित वास्तु चितारावयाची म्हटली, कीं हौशी चित्रकार प्रथम तिचें नक्षीकाम मोजूं लागतो. गेटवे ऑफ इंडियापुढें तर हा मोह आवरत नाहीं. जॉर्ज विटेट यांनीं सोळाव्या शतकांतील गुजराती वास्तुशैली नजरेसमोर ठेवून ही कमान योजिली. तिच्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. त्या काढीत बसलें तर आठवडा सरेल आणि कमान हरवेल.

विसाव्या शतकाच्या मध्यास प्रवासाच्या भित्तिपत्रकांतून निराळी पद्धत दिसे: चार सपाट रंग, स्वच्छ कडा, बाकी सारें गाळलेलें. तिचें मूळ कांहीं अंशीं काटकसरींत होतें. शिळाछापाच्या कामांत प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा वा पत्रा लागे. रंग वाढला कीं खर्च वाढे. मग काय ठेवलें म्हणजे वास्तु ओळखूं येईल, हा विचार करणें भागच पडलें.

गेटवेपुरतें माझें उत्तर असें: दगड नव्हे, पोकळी. मधली मोठी कमान, बाजूच्या ठेंगण्या कमानी, वर मनोरे, पुरे. ८३ फुटांची उंची हवी असेल तर पायथ्याशीं ठिपक्याएवढा एक माणूस काढावा.

खरा पेंच पुढेंच आहे. उभें कोठें राहावयाचें? डिसेंबर १९११ मध्यें पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरले, त्याचें हें स्मारक. गंमत अशी कीं तेव्हां कमान उभीच नव्हती, ती पुरी झाली १९२४ सालीं. समुद्राकडून पाहिली तर ती येणाऱ्या सत्तेची कमान. शहराकडून पाहिली तर, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पलटण, ब्रिटिशांची अखेरची, जिच्याखालून निघून गेली ती. निशाणें नाहींत, गर्दी नाहीं, अशा चित्रांत हा सारा इतिहास चित्रकाराच्या उभें राहण्याच्या जागेवरच ठरतो!

मी शहराच्या बाजूसच उभा राहीन, आणि तेंही सकाळीं. सूर्य समुद्राकडून वर येतो. पिवळट दगड काळवंडतो, कमान उजळते.

अपारदर्शक जलरंग घ्यावेत. आधीं कमानींतलें आकाश फिकट पिवळ्यानें भरावें, त्याखालीं समुद्राची राखी पट्टी, दगड शेवटीं. त्याला बाटलींतला काळा नको, निळ्यांत तांबूस तपकिरी मिसळावा. पट्टी मात्र कमानीच्या आंत आणि इमारतीच्या दोहों बाजूंस एकाच पातळींत असावी. ती जराशी चुकली कीं कमानीमागें समुद्र न राहतां नुसता रंगविलेला पडदा उरतो.