मत उचलींत देऊं नका
(अकलोली येथील सभेंत झालेलें भाषण)



भातकापणीची घाई सोडून तुम्ही येथें आलां याबद्दल प्रथम तुमचे आभार. आम्ही दुपारींच अकलोलीस पोंचलों. तानसेच्या कांठीं ऊन पाण्याच्या कुंडावर पाय धूत असतां एका म्हाताऱ्या कातकरी बाबांनीं आम्हांस विचारलें, "मतावर बोलणार म्हणे. मत देऊन आमच्या टोपात काय शिजतं?" प्रश्न खोंचक, पण खरा. त्याला उत्तर देतां आलें नाहीं तर आमच्या बोलण्याचा उपयोग नाहीं, म्हणून त्यालाच धरून बोलावयाचें आम्हीं ठरविलें आहे.

मत ही वस्तु आपल्या वाडवडिलांच्या हातीं नव्हती. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें नगरपालिकेचे सभासद होते. परंतु त्यांना लोकांनीं निवडलें नव्हतें, सरकारनें नेमलें होतें. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतास एक हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. सरकारनें नेमलेल्या ३२ सभासदांत विरुद्ध मत देणारे एकटे जोतीराव. ठराव पास झाला तो झालाच. पण रयतेचा पैसा कोठें जातो हें विचारणारा एक तरी माणूस त्या सभेंत होता, एवढें लिहून राहिलें.

पुढें १९२० सालीं मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. तेव्हां खेड्यांत बहुतेक जिल्ह्यांतून ३२ रुपये शेतसारा बसेल एवढी जमीन ज्याच्याकडे त्यालाच मत. चार खाचरांचा धनी त्यांत कोठून बसणार? कुंभार, लोहार, सुतार, कातकरी, वारली यांची तर गोष्टच नको. बायकांना त्या निवडणुकींत मत मुळींच नव्हतें. हा शेतसाऱ्याचा उंबरठा राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें उखडून टाकला. वयाची २१ वर्षांची अट १९८९ पासून १८ वर आली. आज सावकाराचें मत एक आणि त्याच्या शेतावर राबणाऱ्या बाईचें मतही एकच.

बायकांचें नांव निघालें म्हणून सांगतों. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळीं, १९५१-५२ सालीं, सुमारें २८ लाख बायकांचीं नांवें यादींतून गळालीं. कारण काय? तर त्यांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेंच लिहविलें. हें मुख्यतः उत्तरेकडे घडलें, म्हणून आपण हंसूं नये. आमच्याच घरीं सूनबाईचें नांव लग्नानंतर चार वर्षें माहेरच्या यादींत पडून राहिलें, आणि मतदानाच्या दिवशीं ती उन्हांतून केंद्रापर्यंत जाऊन तशीच परत आली. दोष कोणा कारकुनाचा नव्हे, आमचा.

आतां बाबांच्या टोपाकडे येऊं. दिवाळी सरली कीं वाड्यावाड्यांतून बिऱ्हाडें वीटभट्ट्यांकडे निघतात. उचल आधींच घेतलेली असते, ती पावसाळ्यांतच पोटांत गेलेली असते, आणि ती फिटेपर्यंत भट्टी सोडतां येत नाहीं. आपल्या ठाणें जिल्ह्यांत लोकसभेचें मतदान २०१४ सालीं २४ एप्रिलला, २०१९ सालीं २९ एप्रिलला आणि २०२४ सालीं २० मेला झालें. तिन्ही वेळां भट्ट्यांचा हंगाम. नांव गांवच्या यादींत आणि माणूस भट्टीवर गारा तुडवीत!

यानें काय होतें तें नीट ऐका. तुम्हीं कोणास मत दिलें हें कोणास कळत नाहीं, तें गुप्त आहे. परंतु कोणत्या केंद्रावर किती मतें पडलीं हें सर्वांस कळतें, त्याचा कागदच निघतो. ज्या वाडीचीं निम्मीं मतें पडतच नाहींत, तिच्या नळाची, रस्त्याची, अंगणवाडीची आठवण पुढाऱ्याला कशानें राहावी? बाबा, टोपांत मत शिजत नाहीं हें खरें. पण टोपाला पाणी कोठून आणावयाचें, रेशनचा तांदूळ वेळेवर येतो कीं नाहीं, हें त्या कागदाकडे पाहून ठरविणारीं माणसें आहेत.

मालक म्हणेल, एक दिवस भट्टी बंद ठेवून माझें नुकसान कोण भरणार? त्याला सांगा, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत १३५ ब हें कलम आहे. धंद्यांत वा कारखान्यांत कामास असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशीं सुटी, आणि तीही मजुरी न कापतां, रोजंदारीवरच्या माणसालासुद्धां. मोडणाऱ्या मालकास दंड मात्र पांचशें रुपयांपर्यंतच. हा आंकडा ऐकून भट्टीवाला घाबरेल असें आम्हांस वाटत नाहीं! म्हणून कायद्याच्या भरंवशावर बसूं नका. ठाण्यांत जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८९० सालीं गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली ती हजारों कामगारांना एके ठिकाणीं उभें करून, एकेकट्यानें मालकाच्या दारीं जाऊन नव्हे. तुम्हीही उचल घेतांनाच दहा बिऱ्हाडांनीं मिळून बोला: मतदानाच्या दिवशीं सुटी, मजुरीसह. उचल अंगाच्या कष्टावर घेतलेली आहे. मत तिच्यांत धरलेलें नाहीं.

जाण्यायेण्याचें भाडें आपलें आपण जमवावें. उमेदवारानें मतदारांस फुकट गाडी पुरविणें हा कायद्यानें भ्रष्टाचार आहे, आणि त्या गाडींत बसलेला मनुष्य उतरेपर्यंत मिंधा होतो. कोठें कोठें नारळावर हात ठेवून, देवीचें नांव घेऊन शपथ घालतात. मत न दिल्यास देवाचा कोप होईल असें भय घालणें हाही त्याच कायद्यानें भ्रष्टाचारच ठरविला आहे. वज्रेश्वरी माता कोणा उमेदवाराची प्रचारक नाहीं. आणि केंद्रावर जाऊन पाहतां आपल्या नांवावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल, तर मान खालीं घालून परतूं नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. तें देण्याचा तुमचा हक्क आहे.

एवढें सारें खरें, पण नांवच यादींत नसेल तर कांहीं चालत नाहीं. आदल्या दिवशीं धांवाधांव करून नांव चढत नाहीं. उमेदवारांच्या अर्जांची मुदत संपण्याच्या आधींच यादीचें दार बंद होतें. नवें नांव घालावयाचें तर सहा नंबरचा अर्ज, गांव बदललें किंवा नांव चुकलें तर आठ नंबरचा. अठरा पुरीं होण्यासाठीं आतां एका जानेवारीचीच वाट पाहावी लागत नाहीं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख धरतात.

गांवची यादी आम्हीं बरोबर आणली आहे आणि दोन्ही नंबरचे कोरे अर्जही आहेत. भट्टीवर जाणाऱ्यांनीं आधीं पुढें यावें, त्यांना वेळ थोडा आहे. बायांनीं स्वतःचें नांव स्वतःच सांगावें, शेजारच्या पुरुषाकडून सांगवूं नये. ते कुंडावरचे बाबा मागें बसलेले दिसतात; त्यांचें नांव आपण पहिलें पाहूं.