भाषासमिती आणि पर्यावरणाचा संवाद



सोनगीर म्हटले की खानदेशाला प्रथम आठवतात ती येथील तांब्या-पितळेची भांडी. जाणते गिऱ्हाईक केवळ झळाळीवर भाळत नाही. ते भांडे हातात तोलते, तळ आणि जोड पाहते. आज संस्थांच्या शब्दांनाही हीच कसोटी लावण्याची वेळ आली आहे.

पर्यावरणाचे भान ठेवणाऱ्या कंपन्या, सहकारी संस्था आणि विश्वस्त संस्था यांचे कार्य अहवाल, पत्रके, चित्रफिती व मेळावे यांच्याद्वारे लोकांपुढे मांडून देणारे संवाद-सल्लागार हा एक नवा व्यवसाय उदयास आला आहे. सन २०२२-२३ पासून ‘सेबी’ने शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा व समाजविषयक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे या व्यवसायाचे महत्त्व वाढले. समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींना हे क्षेत्र खुले आहे; मात्र त्यात पाऊल टाकण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे : आपण कार्य सांगणार आहोत, की कार्याचा अभाव झाकणार आहोत?

जैन आचारशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके आधीच दिले आहे. पाच समितींपैकी भाषासमिती सांगते, की वाणी हितकर, परिमित आणि असंदिग्ध असावी. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश आणि कूटलेख यांची गणना होते. मिथ्योपदेश म्हणजे चुकीचा सल्ला आणि कूटलेख म्हणजे खोटा दस्तऐवज. सल्लागाराच्या व्यवसायातील दोन मोठे मोह नेमके हेच आहेत. प्रतिक्रमणात या दोषांची आलोचना करणाऱ्या श्रावकाने दुकानात वा कार्यालयात ते विसरावेत, हे शोभणारे नाही.

खऱ्या संवादाचा पाठ खानदेशातच मिळतो. वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेले पद्मश्री भवरलाल जैन यांनी ठिबक सिंचनाचा प्रसार केला. मोकळ्या पाटाने पाणी देण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला थेंबांवर बाग पोसली जाईल, हे केवळ शब्दांनी पटणारे नव्हते. जळगावजवळील जैन हिल्सवर प्रात्यक्षिकाची शेती उभी राहिली. शेतकरी तेथे येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पीक पाहू लागले. तेथे शेत बोलले. पत्रकाने केवळ साथ दिली.

दुसरे उदाहरण आपल्याच धुळे जिल्ह्यातील, साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे. चैत्राम पवार व ग्रामस्थांनी श्रमदान आणि स्वयंशिस्त यांच्या बळावर सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले. तेथील वनभाज्यांच्या स्पर्धेत आदिवासी भगिनी रानभाज्या रांधून मांडतात. जंगल का राखावे, हे सांगण्यास त्याहून प्रभावी भाषण कोणते असेल? २०२५ मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पण कार्य आधी आणि कीर्ती नंतर, हा क्रम तेथे चुकला नाही.

जेथे हा क्रम उलटतो, तेथे फसवणूक सुरू होते. म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे शब्द वापरायचे, तर त्यांना पुराव्याचा आधार हवा. तेव्हा सल्लागाराचे पहिले काम लेखणी उचलण्याचे नसून विचारण्याचे आहे : किती पाणी वाचले? ते कोणी मोजले? सांडपाणी कोठे जाते? समाधानकारक उत्तर नसेल, तर ‘हे लिहिता येणार नाही’ असे नम्रपणे सांगावे. त्यात एखादे काम हातचे जाईल. पण व्रत शाबूत राहील आणि दीर्घकाळात पतही.

ही कसोटी केवळ कंपन्यांसाठी नाही. धार्मिक व सामाजिक संस्थांच्या अहवालांतही लावलेल्या रोपांचा आकडा ठळक असतो. जगलेल्या झाडांचा क्वचितच आढळतो. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्या विश्वस्त संस्थेने एवढाच संकल्प करावा, की यापुढील प्रत्येक अहवालात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले जातील. दुसरा आकडा लहान असला, तरी लाज वाटू नये. तो खरा असेल, आणि पुढच्या वर्षी तो वाढविण्याची प्रेरणाही त्यातूनच मिळेल.

जय जिनेंद्र!