निरोप म्हणजे पैसे नव्हेत

(बचत गटांतून घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज इथे जमलेल्यांपैकी कुणी पापड-कुरडया करतं, कुणी मसाले कुटतं, कुणी गोधड्या शिवतं, कुणी साड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकून विकतं. पूर्वी माल विकायचा तर बाजारात पाल टाकून बसावं लागे, नाहीतर दुकानदार देईल तो भाव घ्यावा लागे. आता गिऱ्हाईक फोनवर येतं आणि पैसेही फोनवर येतात. २०१६ साली यूपीआय आलं आणि दहा-वीस रुपयांचा व्यवहारसुद्धा थेट खात्यात होऊ लागला. बाईच्या कष्टाचे पैसे बाईच्या नावावरच्या खात्यात पडतात, ही मी फार मोठी गोष्ट मानते.

पण जिथे पैसा जातो तिथे भामटाही जातो. एकटीने, घरातून, छोटा धंदा करणारी बाई त्याला सोपी वाटते. तिला गिऱ्हाईक गमवायचं नसतं, तिला घाई असते, आणि विचारायला शेजारी मुनीम बसलेला नसतो.

बाजारात बसणाऱ्या आपल्या आया-आज्या नोट हातात आली की उजेडात धरून बघत. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी बघत. तीच सवय आपल्याला फोनवर लावायची आहे. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे: निरोप म्हणजे पैसे नव्हेत. मेसेज हा निरोप आहे, ई-मेल हा निरोप आहे, ‘पैसे पाठवले’ म्हणून आलेला फोटो हाही निरोपच. पैसे असतात ते खात्यात. खातं आपण स्वतः उघडून पाहिलं आणि रक्कम वाढलेली दिसली, तरच पैसे आले.

फसवण्याच्या रीती

पहिली रीत. तुमची १५०० रुपयांची ऑर्डर असते. फोनवर मेसेज येतो, १५,००० जमा झाले. लगेच त्या माणसाचा फोन येतो, ‘ताई, चुकून एक शून्य जास्त पडलं, १३,५०० परत पाठवा, आई दवाखान्यात आहे.’ आपल्याला दुसऱ्याचा पैसा नको असतो, म्हणून आपण पाठवतो. मुळात काहीच जमा झालेलं नसतं. तो मेसेज त्यानेच बँकेसारखा लिहून पाठवलेला असतो. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून येत नाही, तो अक्षरांच्या नावाने येतो. पण नुसत्या नावावरही विसंबू नका. आधी शिल्लक पाहा. आणि खरंच कुणाचे पैसे चुकून आले असतील, तर त्याला सांगा, ‘तुमच्या बँकेकडे तक्रार करा, बँक बघून घेईल.’ आपण होऊन परत पाठवायचे नाहीत.

दुसरी रीत. ‘मी आगाऊ पैसे देतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्याकडे येतील.’ हे वाक्य पाठ करून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे घ्यायला आपण स्कॅनही करत नाही. पैसे देणाऱ्याने आपला क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून बाहेर जातात. ‘पैसे मिळवा’ असं वर लिहून खरं तर पैसे मागणाऱ्या विनंत्या पाठवून फार लुबाडणूक झाली. म्हणून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी विनंती पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयके महामंडळाने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. व्यापारी खात्यांना तो नियम नव्हता. तेव्हा सावधपणा सोडू नका.

तिसरी रीत, पैसे भरल्याच्या फोटोची. हिरवी खूण, रक्कम, तुमचं नाव, सगळं त्यात असतं. असे फोटो बनवून देणारी खोटी ॲप निघाली आहेत. फोटो पाहून माल कुरियरला द्यायचा नाही.

चौथी रीत मदतीच्या नावाने येते. ‘तुमचं खातं बंद होणार आहे, मी सांगतो ते ॲप उतरवून घ्या.’ ते ॲप तुमच्या फोनची पाटी त्याच्या डोळ्यांपुढे उघडी करतं. मग तुम्ही टाकलेला पिन, आलेला ओटीपी, सगळं त्याला दिसतं. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं. फोनवर कुणी सांगितलं म्हणून ॲप घ्यायचं नाही, आणि व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाईल उघडायची नाही.

ई-मेल कसा वाचावा

आपल्यातल्या काही जणी गोधड्या, दागिने, भरतकाम परदेशी पाठवतात. त्यांचे पैसे पेपालसारख्या सेवेतून येतात आणि निरोप ई-मेलने येतो. तिथली फसवणूक थोडी वेगळी असते.

खोट्या ई-मेलमध्ये बहुधा लिहिलेलं असतं, ‘पैसे आले आहेत, पण रोखून ठेवले आहेत. आधी माल पाठवा, पावतीचा नंबर कळवा, मग सोडू.’ किंवा ‘तुमचं खातं वरच्या दर्जाचं करायला गिऱ्हाईकाने जादा रक्कम भरली आहे, ती त्याला परत करा.’ गंमत अशी की, रक्कम रोखून ठेवणं हे खऱ्या सेवाही कधीकधी करतात. म्हणून नुसत्या मजकुरावरून खरं-खोटं ठरत नाही. खरोखर रोखलेली रक्कम आपल्या खात्यात तशी लिहिलेली दिसते. खोटी रक्कम फक्त ई-मेलमध्ये असते.

पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लावू शकतं. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा. ॲट या खुणेच्या पुढे काय आहे ते अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजी एलच्या जागी आकडा एक घातलेला असतो, नाहीतर कंपनीच्या नावापुढे एखादा जादा शब्द जोडलेला असतो. दुव्याचा पत्ता वाचताना पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी शेवटी काय आहे ते बघा. मालकाचं खरं नाव तिथे असतं. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लिहील. रिझर्व्ह बँकेने आपल्या देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ अशा शेवटाच्या पत्त्यावर यायला सांगितलं, ते यासाठीच.

पूर्वी आम्ही सांगत असू, की भाषेत चुका असल्या तर ई-मेल खोटा. आता यंत्रं बिनचूक इंग्रजी लिहून देतात आणि मराठीही बरी लिहितात. ती खूण आता पुरेशी नाही.

कधीकधी तर पत्ताही खरा असतो! भामटा पेपालवर खातं उघडतो आणि त्या सेवेतूनच तुम्हाला बिल पाठवतो. ई-मेल पेपालच्या खऱ्या पत्त्यावरून येतो, पण आत टिपेत लिहिलेलं असतं, ‘हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर या नंबरावर फोन करा.’ तो नंबर भामट्याचा. म्हणून ई-मेलमधल्या दुव्यावर जायचं नाही, त्यातल्या नंबरावर फोन करायचा नाही. आपल्या फोनमधलं ॲप आपण उघडायचं. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा, इंटरनेटवर शोधून नाही, कारण तिथेही खोटे नंबर टाकलेले असतात.

फसवलं गेल्यावर

आता मी ज्यासाठी मुद्दाम आले, ते बोलते. आमच्याकडे बायका येतात त्या चार दिवसांनी, आठ दिवसांनी. ‘लगेच का नाही आलीस?’ तर उत्तर ठरलेलं, ‘घरी कळलं असतं.’ नवरा म्हणेल, तुला अक्कल नाही. सासू म्हणेल, सांगत होते धंदा नको. मुलगा फोन काढून घेईल. एका ताईंचे ४,००० रुपये गेले, तर घरच्यांनी धंद्याचा नंबरच बंद केला. भामट्याने ४,००० नेले आणि घरच्यांनी सगळी कमाई. मोठं नुकसान कुणी केलं, तुम्हीच सांगा.

आपल्या गप्प बसण्यावर भामट्याचा धंदा चालतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातात आणि मग काढले जातात. काढण्याआधी कळवलं तर ते वाटेत अडवता येतात. पहिला तास फार मोलाचा असतो. म्हणून आधी रडायचं नाही आणि कुणाला विचारत बसायचं नाही. १९३० या नंबरावर फोन करायचा. तो सरकारी मदत क्रमांक आहे, देशभर चालतो. मग बँकेला कळवून खातं, कार्ड, यूपीआय थांबवायला सांगायचं आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्यायचा. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, मेसेज, समोरच्याचा नंबर, यातलं काहीही पुसायचं नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

चौकीत ‘तुम्हीच पिन दिला ना?’ असं विचारून परत पाठवलं, तर ऐकून घेऊ नका. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या साधनाने फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले असले तरी, बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं. म्हणजे कळवण्याची वेळ हाच आपला पुरावा. ती वेळ लिहून ठेवा.

घराघरातला विश्वासाचा प्रश्नही यातच आहे. कितीतरी जणींचं खातं त्यांच्या नावाचं, पण ॲप नवऱ्याच्या फोनात आणि पिन मुलाला ठाऊक. जिला स्वतःची शिल्लक पाहता येत नाही, तिला निरोपावरच विश्वास ठेवावा लागतो. मग तो निरोप भामट्याचा असो की घरच्यांचा. फोन आपला, पिन आपला आणि शिल्लक पाहण्याची सवय आपली, ही मागणी घरात करायला लाजू नका.

गटाने काय करायचं

प्रत्येक गटाने तीन गोष्टी ठरवाव्यात असं मला वाटतं. एक, शिल्लक पाहिल्याशिवाय माल बाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक रागावलं तर ‘आमच्या गटाचा नियम आहे’ म्हणायचं. एकटीला नाही म्हणणं जड जातं, गटाच्या नावाने सोपं जातं. दोन, महिन्याच्या बैठकीत आलेले संशयास्पद मेसेज सगळ्यांनी वाचायचे. तीन, कुणी फसवली गेली तर त्याच दिवशी दोघींनी तिच्या घरी जायचं, फोनजवळ बसायचं आणि घरच्यांशीही बोलायचं.

शिवाय बँकेच्या शाखेत निवेदन द्यायचं, की मेसेज मराठीत पाठवा. ज्या भाषेत आपण हिशेब करतो त्या भाषेत निरोप आला, तर खोटा निरोप ओळखणं सोपं जाईल.

जाण्याआधी प्रत्येकीने आपला फोन काढा, १९३० नंबर त्यात साठवा, आणि शेजारच्या मैत्रिणीला तिची शिल्लक स्वतः पाहता येते का ते विचारा. येत नसेल तर आत्ताच शिकवा. चहा त्यानंतर.