कुंभकोणमचा उलटा पावसाळा



मराठी मुलाच्या मनातील ऋतुचक्र मृग नक्षत्रापासून सुरू होते. जूनमध्ये शाळा उघडते, श्रावणात ऊन-पावसाचा लपंडाव रंगतो आणि दिवाळीपर्यंत आकाश निरभ्र झालेले असते. पाठ्यपुस्तके याच क्रमाने रचलेली, निबंधही याच क्रमाने लिहिले जातात. परंतु तीनशे वर्षांहून अधिक काळ मराठी बोलणारी एक वस्ती अशा आकाशाखाली नांदत आली आहे, की जेथे हा क्रम लागू पडत नाही. ती वस्ती तमिळनाडूतील कुंभकोणमची.

इ.स. १६७५-७६च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर घेतले आणि १८५५पर्यंत ते राज्य भोसले घराण्याकडे राहिले. राजांच्या मागोमाग कारकून, पंडित, शिलेदार अशी कितीतरी घराणी कावेरीकाठी स्थिरावली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच अशा एका मराठी कुटुंबात जन्मले. या कुटुंबांनी आपले चांद्र पंचांग सोडले नाही. शेजारी मात्र सौर महिने मोजत. महिन्यांची नावे अशी सोबत आली, पण त्या नावांना चिकटलेला पाऊस काही आला नाही.

जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आपले पाणी रिते करतात आणि कोरडे होऊन पूर्वेकडे उतरतात. त्या काळात कुंभकोणमला ऊन तापत असते. ऑगस्ट-सप्टेंबरात एखाद्या संध्याकाळी गडगडाटासह सर येते, इतकेच. खरा पाऊस ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, तमिळ ऐप्पसी महिन्यात लागतो आणि कार्तिगै महिना ओलांडून डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. तमिळनाडूच्या वार्षिक पावसापैकी सुमारे ४८ टक्के पाऊस या तीन महिन्यांतला. म्हणजे आपल्याकडे पाऊस संपल्याचा आनंद साजरा होतो, तेव्हा तेथे तो सुरू झालेला असतो. दिवाळीचे फटाके उन्हात सुकवायचे, तर आधी ऊन मिळावे लागते! ‘दिवाळीत धो धो पाऊस पडत होता’ असे वाक्य एखाद्या मुलाने निबंधात लिहिले, तर आपल्या वर्गात बहुधा त्याखाली लाल रेघ उमटेल. कुंभकोणमच्या मुलासाठी ते साधे सत्य आहे.

हे असे का घडते, हे उमगण्यासाठी अगदी वेगळ्या, गोठवणाऱ्या प्रदेशात क्षणभर जाऊन यावे लागेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ओंटारियो सरोवराच्या आग्नेय टोकाशी ओस्वेगो नावाची काउंटी आहे. हिवाळ्यात कॅनडाकडून येणारी हवा अतिशय थंड आणि कोरडी असते. तिच्यात बर्फ पाडण्याजोगे पाणी फारसे नसते. पण सरोवराचे पाणी उन्हाळ्याची ऊब साठवून असते. वारा पश्चिमेकडून सरोवराच्या लांबीवरून, जवळजवळ तीनशे किलोमीटर वाहत येतो, खालून ऊब आणि बाष्प घेत जातो आणि किनाऱ्यापलीकडच्या चढणीवर ते सारे हिमरूपाने टाकून देतो. फेब्रुवारी २००७मध्ये या काउंटीतील रेडफिल्ड गावी दहा दिवसांत १४१ इंच, म्हणजे साडेतीन मीटरांहून अधिक बर्फ पडला. थोड्या अंतरावरच्या गावांत त्याच दिवसांत त्या मानाने नगण्य! शेजारचे ईरी सरोवर उथळ असल्याने भर हिवाळ्यात बरेचसे गोठते आणि गोठले की त्याचा हिमवर्षाव मंदावतो, कारण वाऱ्याला बाष्प देणारे उघडे पाणीच उरत नाही. ओंटारियो खोल आहे, ते क्वचितच गोठते. म्हणून ओस्वेगोकरांना अशी उसंत मिळत नाही.

आता सरोवराच्या जागी बंगालचा उपसागर ठेवून पाहावे. हिवाळ्याच्या तोंडी आशिया खंडाचा भूभाग थंड होऊ लागतो आणि तेथील कोरडी हवा ईशान्येकडून समुद्रावर येते. उबदार पाण्यावरून प्रवास करता करता ती बाष्पाने जड होते आणि तमिळ किनाऱ्यावर येऊन बरसते. हे साम्य ताणून मात्र धरू नये. तेथे हवेच्या आणि पाण्याच्या तापमानातील तफावतच ढग उभारते. येथे समुद्रात उठणारे कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळे यांचा वाटा फार मोठा असतो. परंतु कोरड्या वाऱ्याने वाटेत पाणी उचलावे आणि पैलतीरी द्यावे, ही देवघेव दोन्हीकडे एकच.

गंमत अशी, की सह्याद्रीचा पाऊस कुंभकोणमला अगदीच पारखा होत नाही. तो उशिरा आणि वाट वाकडी करून येतो. कोडगूच्या डोंगरात जून-जुलैला कोसळणारे पाणी कावेरी घेऊन निघते. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी स्त्रिया नदीच्या या नव्या पाण्याची पूजा करतात, आणि तो काळ आपल्या आषाढ-श्रावणाचाच असतो. आकाश कोरडे आणि नदी भरलेली, असा हा कुंभकोणमचा श्रावण. या त्रिभुज प्रदेशातील ‘कुरुवै’ भात नदीच्या पाण्यावर लावायचे आणि ‘सांबा’ भात ईशान्येच्या पावसावर पोसायचे, अशी दोन पावसाळ्यांची शेती तेथे उभी राहिली.

म्हणूनच तेथील शेतकऱ्याला दोन ठिकाणी डोळे लावून बसावे लागते. १९३४मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडण्याची प्रथा आहे. परंतु २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षे धरणात पुरेसे पाणी नसल्याने ती तारीख पाळता आली नाही. त्यातले २०१६ हे वर्ष विशेष दुःखद. त्या फेब्रुवारीत बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव कुंभकोणमला झाला आणि तळ्याकाठी लाखोंची गर्दी लोटली. त्यानंतर नदीचे पाणी उशिरा सुटले आणि पाठोपाठ ईशान्य पाऊसही राज्यात ६२ टक्क्यांनी उणा पडला. एक आधार सुटला की दुसरा सावरतो, हा शेतकऱ्याचा पिढ्यानपिढ्यांचा हिशेब. त्या वर्षी दोन्ही सुटले. जानेवारी २०१७मध्ये सारे राज्य दुष्काळग्रस्त जाहीर झाले.

पाऊस आला तरी चिंता सरत नाही. कुरुवैची कापणी नेमकी ऑक्टोबरात येते. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचे भात घेतले जाते. अवेळी सर आली की शेतकरी डांबरी रस्त्यावर धान्य पसरून उन्हाची वाट पाहत बसतात. नोव्हेंबर २०१८मध्ये ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळले आणि तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम या जिल्ह्यांतील नारळाच्या बागा एका रात्रीत आडव्या झाल्या. भात पुढल्या वर्षी पुन्हा लावता येते. नारळाला फळ धरायला काही वर्षे जावी लागतात.

या पाण्याच्या मोजमापात कुंभकोणमची मराठी मुले वाढतात. शाळेत तमिळ किंवा इंग्रजी, घरात तंजावरी मराठी. त्यांच्या घरी ‘श्रावण’ हा शब्द जिवंत आहे. त्याचा अर्थ विचारला, तर ते ढगाकडे नव्हे, नदीकडे बोट दाखवतील. पुढचा महामहम २०२८मध्ये आहे.